वेशीत बाजा आला आन् मी जवारीत

आधीच सांगतो, हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या. मधी कुणी दात काढले तर कपातला चहा अंगावर येईल. भर मांडवात माझी इज्जत कशी गेली ते सांगायलोय, तमाशा न्हाई!

आणीबाणीचं साल. त्या साली आमाला वाघाची भीती नव्हती, गाडीची होती! बंद गाडी धुरळा उडवीत आली की गडीमाणसं रानात. नसबंदीवाले म्हातारा बघंनात, कवळा बघंनात, उचलून नेतेत, असं जो तो सांगायचा. आन् माझं लगीन होऊन दोन वर्सं, घरात पाळणा न्हाई! सासरा ताडकळसचा, लय तिखट माणूस. "पावणं, औंदा तरी नातवाचं तोंड दावा," म्हणून मागं लागलेला. मला झोप लागंना.

अशात माझ्या दोस्ताचं, किसनचं लगीन निघालं. आमच्याच गावात, बोरीजवळ. किसन हैदराबादला एका हॉटेलात कामाला. मला म्हणला, "तू वेशीत थांब. बाजा येईल, त्याला मांडवात आण. असा बाजा जन्मात पाहिला नसशील!"

थांबलो. संगं सासरा, लग्नाला आलेला. मला वाटलं, सनई-डफडंवाले येतील बैलगाडीत. आली काय? बंद गाडी!

उतरले कोण? पांढरे कोट घातलेले चार दांडगे गडी. हातात काळ्या चामड्याच्या पेट्या. एक पेटी तर अशी काढली, आख्खा माणूस आडवा मावावा! पेट्यात काय आसणार, तुमीच सांगा? चाकू-कात्र्याच की!

त्यातला जाड्या म्होरं आला. "दूल्हा किधर है?"

घ्या! थेट नवरदेवच पायजे!

"इधर शादीच नै साब," मी म्हणलो. मागं मांडवात बायकांची गाणी जोरात चालू.

त्यानं हसून माझं मनगट धरलं. "चलो, गाडी में बैठो. रास्ता दिखाओ."

मी बोंब ठोकली, "मेरा हो गया साब! नसबंदी हो गया! परभणी में! गये महिने में!"

जाड्या बघतच राहिला. सासराबी. मी हात झटकला, पटका तिथंच पडला, आन् मी जवारीत!

पालथा पडलो, तवर मांडवाकडून आवाज आला. काय आवाज हो! आधी म्हशीवानी हंबरला, मग वर चढला, मग रडका झाला. मनात आलं, किसन गेला! हळद वाळायच्या आधीच कापला! मग दुसरा आवाज. म्हंजे वऱ्हाडीबी धरले! कानात बोटं घातली तरी ऐकू यायचं ते यायचंच.

मग त्यात हसणं ऐकू आलं. कापताना कोण हसतंय? सरपटत कडंला आलो. बघतो तर किसन मुंडावळ्या बांधून नाचायलाय, आन् जाड्या गाल फुगवून पितळंची वाकडी नळी फुंकायलाय!

"आरं, कुठं मेलतास?" किसन वरडला. "हे जाझवाले! आमच्या हॉटेलात वाजवतेत. आता गावोगाव वाजवत औरंगाबादला निघालेत, माझ्यासाठी वाट वाकडी केली!"

मी मांडवात शिरतो न शिरतो, सासरा आडवा. एका हातात माझी बायको, दुसऱ्या हातात तिचं गठुडं.

"मामा, मी खोटं बोललो!"

"कुणाला?"

"बाजावाल्याला!"

"बाजावाल्याला नसबंदीचं कशाला सांगावं लागतंय?"

बाजा थांबलेला. सगळा मांडव माझ्याकडं बघायलाय. नसबंदी न होताच माझा संसार चालला की हो ताडकळसला!

तवा बायकोच बोलली, पदर सावरून, सगळ्यांच्या देखत. "बाबा, सोडा हात. देवीची लस टोचायला आले तवा हे कणगीत बसलते. वरून पोतं मीच झाकलं. हे कुठले आपल्या पायानं दवाखान्यात जातेत!"

मांडव हसून हसून खाली यायचा राहिला. सासऱ्यानं गठुडं खाली ठेवलं.

सासऱ्याला पटलं, गावाला न्हाई. जो तो विचारायचा, "टाके दुखायलेत का रं?" पुढल्या साली मला पोरगं झालं. गूळ वाटत पारावर गेलो. म्हणलो, "आता तरी इस्वास ठेवा!"

तिथल्या म्हाताऱ्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला, सावकाश चघळला.

"आरं, तुझ्यावर इस्वास हायच की. पर सरकारी काम हाय बाबा, कच्चंच निघायचं!"