चौकातला अप्पांचा फ्लेक्स

कुंभकोणमच्या मोठ्या चौकात सगळं होतं. देवाचे रथ इथून वळतात, पुढारी इथं घसा फोडतात, आणि गावात कोण गेलं तेही इथंच कळतं, कारण शोकाचे फ्लेक्स इथं लागतात. अप्पा, म्हणजे माझे वडील, ते वाचायला रोज सकाळी जात. सोबत त्यांचे तमिळ मित्र, पितळी समयांचे व्यापारी, जवळच्या नाचियार्कोविल्‌हून बसनं येणारे. कापी पीत दोघं फोटोंखालची विशेषणं मोठ्यानं वाचत आणि हसत. फोनचं दोघांनाही वावडं.

अप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाला माझ्या भावाला चेव आला. आदल्या पहाटे त्यानं चौकात भलामोठा फ्लेक्स बांधून घेतला. मध्ये अप्पा, बाजूला आम्ही दोघं हात जोडून, मागे तंजावरचा राजवाडा. आमचे पूर्वज तिथं साधे कारकून होते, पण ते कोण विचारतंय! हे सगळं अति होतंय हे मला दिसत होतं. माझा फोटो चांगला आला होता, म्हणून गप्प बसले. "ऐसें कैसें केलेंत रे?" अप्पा सकाळी बघून आल्यावर कुरकुरले, आणि दुपारी पुन्हा बघून आले.

समारंभाला मित्र आले नाहीत. अप्पा फुरंगटले. दोन दिवसांनी म्हणाले, "चला, त्यालाच जाब विचारूं." आम्ही दोघं त्यांना गाडीनं घेऊन गेलो.

घरात मित्राच्या फोटोला हार होता.

"आमचा फ्लेक्स रात्रीच लावला होता," त्यांचा मुलगा तमिळमध्ये म्हणाला. आवाजात राग नव्हता. "सकाळी बघतो तर त्याच्यावर तुमचा. शुभकार्याच्या फ्लेक्सला हात कसा लावायचा? तुमच्या घरी असला निरोप तरी कसा धाडायचा? यांच्यासाठी दुपारपर्यंत थांबलो, मग बाबांना नेलं."

"मी तिथंच उभा होतो," अप्पा म्हणाले. "माझाच फोटो बघत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मुलानं आम्हाला पाणी दिलं.

परतताना भाऊ हळूच म्हणाला, "आपण त्यांचा नवा फ्लेक्स लावूया. आपल्याहून मोठा." अप्पांनी गाडी थांबवायला लावली, उतरले आणि बसथांब्याकडे चालू लागले.

भावावर ओरडायला मी तोंड उघडलं. पण तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता, आणि खाली आमची नावं केवढ्या अक्षरांत घालायची, तेही मी ठरवून टाकलं होतं.