गढीच्या विटा

रविवारी सकाळी मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतून मी आणि भाऊजी निघालो. भाऊजी रेल्वेत इंजिनिअर. सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या खिशात मोजपट्टी असते. ताईने पराठे बांधून दिले.

कानपूरचा रस्ता सोडून शेतांतून आत गेलो, तेव्हा गढीच्या आधी तिचा फलक दिसला : 'अवध की अजेय सीमा-चौकी'. अजेय हे खरं असावं. तिच्यावर कोणी चाल करून आल्याचं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही. कंपनीचा मुलूख जवळ, म्हणून नवाबाने ती बांधली. पुढे नवाब गेले, कंपनी गेली, शिपाई गेले. आता एक दरवाजा, दोन ढिगारे आणि त्यांवर शेळ्या.

"एवढ्यासाठी माझा रविवार?" भाऊजी म्हणाले.

बाकीची गढी शेजारच्या वस्तीत सापडली. दारात मटार सोलत बसलेल्या एका अम्मांनी आम्हाला बोलावून गूळ-पाणी दिलं. त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत लखौरी (नवाबी काळातली पातळ, चपटी वीट) विटांची होती. गढीचा सगळ्यात चांगला राहिलेला भाग हाच, असं मी उत्साहाने म्हणालो आणि फोटो काढला. भाऊजींनी मोजपट्टी काढून वीट मोजली.

अम्मांचे हात थांबले. महिन्यापूर्वी कुठल्याशा सरकारी दफ़्तरातली माणसं येऊन गेली होती. किल्ला सजवायचाय, त्याच्या विटा परत घेऊ, असं सांगून. अम्मांच्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही ही भिंत होती.

"भैया, दीवार लेने आए हो का?"

आपण रेल्वेतले, असं भाऊजींनी समजावलं.

"रेल का आदमी रसोई काहे नापेगा?"

भाऊजींनी मोजपट्टी खिशात घातली. मी अम्मांसमोरच फोटो पुसला. अम्मांचा मुलगा भिंतीला गिलावा करणार होता, म्हणजे विटा दिसणार नाहीत. भाऊजी खाटेवर टेकले आणि म्हणाले, "अम्मा, सीमेंट मत लगवाइए, झड़ जाएगा. चूना लगवाइए." मग चुन्यात सुरखी (विटांची भुकटी) किती घालायची, हे त्यांनी दोनदा सांगितलं. निघताना अम्मांनी ओंजळभर मटार पिशवीत टाकले.

घरी ताईला दरवाज्याचे आणि शेळ्यांचे फोटो दाखवले. एरवी लेखाच्या शेवटी तिथे कसं पोचायचं हे मी लिहितो. दरवाज्यापर्यंतची वाट फलकच दाखवेल. वस्तीचं नाव मला ठाऊक आहे; ते लिहीत नाही. चुना वाळायला वेळ लागतो, असं भाऊजी म्हणतात.