डाव्या पायाला भेटायला कार्डिफला

कोल्हापुरात तालमींचेच फुटबॉल संघ असतात; आमच्या तालमीच्या भिंतीवर उरुग्वेच्या एका फुटबॉलपटूचा फोटो होता. रामिरो, डावा विंगर. वडील म्हणायचे, "याच्या डाव्या पायाला हात लावणारा अजून जन्मायचाय!" तेच रामिरो कार्डिफमध्ये, माझा शाळासोबती मिलिंद याच्या शेजारी राहतात असं कळलं आणि मी साउथहॅम्प्टनमधल्या माझ्या गॅरेजला कुलूप लावून निघालो.

तिथून सॉल्झबरी-बाथचा रस्ता देखणा, पण लॉरीमागे अडकलात की संपलं. सेव्हर्न नदीच्या पुलावर आता टोल नाही. कार्डिफच्या मार्केटात तव्यावरचे गरम वेल्श केक जरूर घ्या. मी रामिरोंसाठीही घेतले.

रामिरोंच्या दारातच मिलिंद कुजबुजला, "आजच आलास होय मर्दा? फिजिओ येणार आहे. स्ट्रोकनंतर त्यांचा डावा पाय हललेला नाही. आजही नाही हलला, तर घर सुटलं. केअर होम."

आत खुर्चीत रामिरो, नव्वदी ओलांडलेले. तरुणपणी ते बोटीने आमच्याच साउथहॅम्प्टनला उतरले, इथल्या क्लबांत खेळले, गुडघा गेल्यावर शाळांतली पोरं घडवली. सांगत होती त्यांची मुलगी तेरेसा. ते स्वतः खिडकीबाहेर बघत होते.

फिजिओबाई आल्या.

"पाय मागे घ्या, रामिरो."

कपाळावर घाम आला. पाय ढिम्म.

"आणखी एकदा."

काही नाही. तेरेसाने तोंड फिरवलं. बाईंनी बॅगेची चेन लावली.

मला तिथे थांबवेना. निघताना आपण थोरांसमोर वाकतो तसा वाकलो, डाव्या पायाकडे हात नेला.

पाय झटकन मागे गेला!

"काय केलंत तुम्ही?" बाई ओरडल्या.

"न-नमस्कार."

"परत करा!"

परत वाकलो. बोटं टेकायच्या आत पाय पुन्हा निसटला. रामिरो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "टू स्लो, डिफेंडर."

"तालमीतपण हा असाच खेळायचा," मिलिंद म्हणाला. तेरेसा रडता रडता हसली.

बाईंनी बॅग परत उघडली. व्यायाम चालू राहणार, घरीच. बाई निघेतोवर मी आणखी किती वेळा वाकलो कोण जाणे.

रात्री घरी पोचलो तेव्हा कंबर धरलेली. बायकोने विचारलं, "अहो, झाला का नमस्कार?"

म्हटलं, "छे! वडील खरं सांगत होते."