थर्माकोलच्या घरातला पहिला वैशाख

माझ्या मुलीला घाम येत नाही. जन्मापासून नाही. ती दीड वर्षाची असताना चैत्रातल्या एका दुपारी तिचं अंग एकाएकी इतकं तापलं की हात लावला तर चटका बसावा. डोळे वर गेले. तिला ओल्या लुगड्यात गुंडाळून आम्ही अकोल्याला पळालो, तेव्हा हे कळलं. डॉक्टर म्हणाले, हा आजाराचा ताप नाही, घामाच्या ग्रंथीच जवळजवळ नाहीत, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही. औषध काय, म्हणून विचारलं तर म्हणाले, गारवा. मी तडकून म्हणाले, "मलकापुरात मे महिन्यात गारवा कोणत्या मेडिकलवर मिळतो, तेही लिहून द्या." माझा स्वभावच तसा आहे, घाबरले की भांडते.

गारवा होता तो माझ्या भावाकडे. तो बुलढाण्याला राहतो. राजूर घाट चढून वर गेलं की हवा बदलते, हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग दरवर्षी होळी झाली की लेकीची बॅग भरायची आणि तिला मामाकडे सोडायचं, ते पाऊस चांगला स्थिरावेपर्यंत. शाळेतल्या बाई समजूतदार, तिची परीक्षा आधीच घेऊन टाकत. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मला मेपर्यंत सुटी नाही. नवऱ्याचं पंपाच्या मोटारींना नवी तार भरायचं दुकान, त्यांचा उन्हाळा म्हणजे जळालेल्या मोटारींचा हंगाम. रविवारी एसटीनं वर जायचं आणि संध्याकाळी तिला झोप लागायच्या आत परतायचं, नाहीतर ती रडायची. पुढे ती रडेनाशी झाली. ते मला जास्त लागलं.

भाऊ-वहिनीनं काही कमी केलं नाही. उलट वहिनीनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण सात वर्षांची असताना ती जूनमध्ये घरी आली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "आई, पाणी घेऊ का?" स्वतःच्या घरात! मी पोळी तव्यावर तशीच करपू दिली. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "आता घरच बदलायचं. मुलगी नाही बदलायची."

आमचं जुनं घर म्हणजे विटांच्या नऊ इंची भिंती आणि वर स्लॅब. दिवसभर तापायचं आणि रात्रभर ते ऊन आत सोडायचं. कूलर चालू असेपर्यंत ठीक, लाईन गेली की दहा मिनिटांत ओले टॉवेल. नवरा शांत माणूस, बोलायचे कमी आणि शोधायचे जास्त. दोन महिने मोबाईलवर काय काय पाहून त्यांनी मला एक चित्रफीत दाखवली. थर्माकोलचे पोकळ ठोकळे, एकावर एक रचायचे, आत सळई उभी करायची आणि मधल्या पोकळीत काँक्रीट ओतायचं. थर्माकोल काढायचंच नाही. ते भिंतीला आतून-बाहेरून चिकटून राहतं आणि ऊन अडवतं. वरून जाळी मारून प्लास्टर. मी चारदा पाहिली आणि म्हटलं, करू या, जुन्या घरामागच्या आपल्याच रिकाम्या जागेत.

आमचे मिस्त्री साठीच्या आसपासचे मुसलमान गृहस्थ. सारं गाव त्यांना चाचा म्हणतं. आमच्या वॉर्डातली निम्मी घरं त्यांच्या हातची. ट्रक आला, ठोकळे उतरले, तेव्हा त्यांनी एक ठोकळा एका बोटावर तोलून पाहिला.

"मॅडम, चाळीस वर्सं झाले, मी भिंती बांधून राह्यलो. भिंत म्हणजे वजन. जिले वजन नाही ते भिंत कायची?"

"वजन आत ओतायचंय, चाचा. हे नुसतं सेंट्रिंग समजा, ओतलेलं धरून ठेवणारं."

"मंग सेंट्रिंग काढाचं कधी?"

"काढायचंच नाही."

"काढाचंच नाही?" त्यांनी ठोकळा खाली ठेवला. "सेंट्रिंग काढल्याबिगर घर पुरं झालं म्हन्ते का कोनी?"

मी वैतागून वाद घालायला लागले. तेवढ्यात लेक शाळेतून आली. दिवाळी होऊन गेली होती, हवा गार होती, ती मजेत होती. मी चाचांना सगळं सांगितलं. अकोल्यापासून ते पाण्याच्या ग्लासापर्यंत. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, जणू खरंच कोरडं आहे का ते बघत होते. मग म्हणाले, "हे आंधी सांगाचं ना, मॅडम. मी तुमच्या शौकाचं काम समजलो." त्यानंतर त्यांनी सेंट्रिंगचं नाव काढलं नाही.

गावानं मात्र पिच्छा सोडला नाही. थर्माकोल म्हणजे गणपतीची आरास, एवढंच आमच्याकडे माहीत. शेजारी रोज सकाळी दात घासत कंपाउंडवरून विचारायचे, "काय मॅडम, यंदा गणपती लवकर बसवून राह्यले का?" एका दुपारी वावटळ आली आणि पंधरा-वीस ठोकळे उडून मागच्या कपाशीत जाऊन पडले. ते गोळा करताना मी आणि नवरा धावतोय, आणि सारी आळी हसतेय. मलाही शेवटी हसू आलं. पांढऱ्या कपाशीत पांढरं थर्माकोल शोधणं सोपं नाही.

आता जे झालं ते माझ्यामुळे झालं, म्हणून नीट सांगते.

आमच्याकडे स्लॅबचा दिवस म्हणजे घरचं कार्य. नारळ फुटतो, मिक्सर घेऊन टोळी येते, घमेल्यांची साखळी लागते आणि एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. थांबलं तर सांधा पडतो, सांध्यातून पाणी गळतं, हे पोराबाळांना पाठ. टोळीचा अभिमानच त्यात, की जेवणाआधी स्लॅब हाणला. आणि मालकानं वरण-बट्टीचं जेवण घालायचं. या भिंतींचं नेमकं उलटं होतं. गुडघाभर ओतायचं, सगळ्या घराला एक फेरी मारायची, जरा थांबायचं, खालचं जरा आवळून घट्ट झालं की पुढची फेरी. एकदम भरलं तर ओल्या काँक्रीटचा भार थर्माकोलला झेपत नाही. कंपनीच्या मुलानं फोनवर हे तीनदा समजावलं होतं. चाचांनी सगळ्या ठोकळ्यांवर लाल पेन्सिलीनं फेऱ्यांच्या रेघा ओढून ठेवल्या होत्या.

संक्रांत झाली आणि मोताळ्याकडची टोळी आली. पहिली फेरी झाली. चाचांनी हात वर केला, "रुका." टोळी थांबली. मुकादमानं विडी पेटवली. बायका घमेली पालथी घालून त्यावर बसल्या. दुसरी फेरी, पुन्हा रुका. अकरा वाजले. माझी एकाच दिवसाची रजा, चुलीवर वरण, राखेत बट्ट्या, आणि डोक्यात एकच हिशेब, होळीला किती आठवडे उरले. प्लास्टर व्हायचं होतं, छत व्हायचं होतं. इकडे माणसं बसून होती. मी तिथंच ओरडले, "चाचा, असं गुडघा गुडघा करत बसलात तर होळी येईल! भरा की एकदा!"

"मॅडम, कंपनीच्या पोरानं..."

"मी सांगतेय ना!"

हा माझा वर्गातला आवाज. पाचवीची पोरंही त्यापुढे टिकत नाहीत. टोळीला तर तेच हवं होतं. मुकादमानं आरोळी दिली आणि कोपऱ्याकडची भिंत एका दमात वरपर्यंत भरली. काँक्रीट खाली बसवायला वरून व्हायब्रेटर लावला. मिनिटभरात खालून थाड् असा आवाज झाला, कोपरा पोटासारखा फुगला आणि फुटला. करडं काँक्रीट माझ्या चपलांवरून वाहत गेलं.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "चाचा, तुम्हाला सांगितलं होतं ना गुडघाभर म्हणून!"

सगळे ऐकत होते. टोळीनं माझा पहिला हुकूम ऐकला होता, हाही ऐकला. मुकादम जमिनीकडे बघायला लागला. चाचा शांतपणे म्हणाले, "हाव मॅडम. माहीच चूक." मग लुंगी वर खोचून ते कोपऱ्याकडे धावले.

त्यानंतरचे तीन तास मला आजही जसेच्या तसे आठवतात. काँक्रीट घट्ट व्हायच्या आत ते भिंतीतून उपसून काढायचं होतं, नाहीतर कोपराच तोडावा लागला असता, नवे ठोकळे मागवावे लागले असते, आणि तो उन्हाळा गेलाच असता. चाचा हातांनीच उपसत होते. रोज गणपती विचारणारे शेजारी स्वतःच्या न्हाणीचं दार बिजागऱ्यांतून उपटून खांद्यावर घेऊन आले, "हे लावा टेका द्याले." समोरच्या दोघी बायका घमेली घेऊन आल्या. नवरा दुकान तसंच टाकून तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेऊन आले. फुटलेले ठोकळे काढून चांगले लावले, दार टेकवलं, तारांनी आवळलं, आणि संध्याकाळपर्यंत तोच कोपरा गुडघा गुडघा करत भरला. मी तोंड मिटून बट्ट्या वाढल्या. त्या दगडासारख्या झाल्या होत्या, कुणी तक्रार केली नाही.

टोळी गेल्यावर चाचा बादलीत हात धूत होते. सिमेंटनं बोटं फुटली होती. मी खोबरेल तेल घेऊन गेले आणि म्हटलं, "चाचा, मी चुकले. तुम्ही का घेतलं अंगावर?"

"टोळीसमोर मालकाची चूक निघाली का मंग पुढच्या कामाले कोनी मालकाचं ऐकत नाही," ते म्हणाले. "मिस्त्रीची निघाली तं चालते. मिस्त्रीले सवय असते."

मी रडले. छताच्या दिवशी तीच टोळी आली, तेव्हा नारळ फोडायच्या आधी मी सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशीची चूक माझी होती आणि आज फक्त चाचांचं ऐकायचं. मुकादम म्हणाला, "आमाले मालूमच होतं, मॅडम." त्यावर चाचांसकट सगळे हसले.

घर होळीनंतर दहा दिवसांनी उभं राहिलं. छतावरही थर्माकोलचा थर, खिडक्या लहान आणि खोल, एक छोटा एसी. राहायला गेलो तरी माझा विश्वास नव्हता. भावाचा फोन आला, "येऊ का घ्यायले?" मी म्हटलं, थांब, आणि तिची बॅग भरूनच ठेवली.

एप्रिलच्या शेवटी एका सोमवारी सकाळची शाळा करून मी घरी आले आणि ऐन बारा वाजता लाईन गेली. मी टॉवेल भिजवले आणि घड्याळासमोर बसले. दर पाच मिनिटांनी तिच्या मानेला हात लावायचा. एक वाजला. दोन वाजले. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शेवटी ती चित्रं रंगवता रंगवता चिडली, "आई, काऊन घडीघडी हात लावून राह्यली?" साडेतीनला लाईन आली. तिची मान माझ्या हातापेक्षा गार होती. घरात हिमालय नव्हता अवतरला, मला घाम आलाच होता. पण सकाळचा गारवा भिंतींनी धरून ठेवला होता, आणि तिला तेवढा पुरला. मी भावाला फोन लावला आणि बोलताच येईना. तो म्हणाला, "समजलं मले." मागून वहिनी रडत हसत होती.

वैशाखात आमच्या अंगणात पाच-सहा घरच्या बायका मिळून कुरडया घालतात. गव्हाचा चीक शिजवायचा, सोऱ्यातून खाटेवरच्या धोतरावर पाडायच्या. दरवर्षीचंच काम, मला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. सकाळी सात-आठची वेळ असते, ऊन आलेलं असतं, म्हणून लेक आत खिडकीशी उभी होती. मी तिला गरम चिकाची वाटी आत दिली. तिनं एक घास खाल्ला आणि बाहेर बघत राहिली.

"आई, आपल्या घरी कुरडया करतात?"

"हो, दरवर्षी."

"मी नसतो तवा बी?"

सोऱ्या फिरवणारी शेजारीण थांबली. मला त्या पोरीचे सात उन्हाळे एकदम दिसले, आमच्याविना तिचे आणि तिच्याविना आमचे. तेव्हा त्या शेजारणीनंच खिडकीकडे पाहून विचारलं, "तुले येतात का व पाडता?"

"नाही. पण शिकतो."

"मंग उद्या ऊन निघाच्या आंधी बसू. उठजो लवकर."

दुसऱ्या दिवशी सगळ्या घरच्या बायका पहाटे पाचला आमच्या अंगणात हजर. एकीच्या घरी पाहुणे होते, तरी ती आली. अजून झुंजूमुंजू होतं, हवा गार होती. लेकीनं सोऱ्या धरला. पहिल्या तीन कुरडया वेड्यावाकड्या पडल्या, कुणी काढल्या नाहीत. सूर्य घराच्या वर आला, अंगणात पहिलं ऊन पडलं, तशी ती आपण होऊन उठली, फ्रॉकला हात पुसले आणि कुणालाही न विचारता आत गेली.