साच्यातली चिमणी

पुलाखालच्या भिंतीवर एक मुलगी पुठ्ठ्याचा साचा धरून रंग फवारत होती. गावाहून आलेले माझे वडील, अण्णा, बघत थांबले. साचा उचलला तर चिमणी उमटली, पण डोळ्याविना.

"पोरी, डोळ्याला धरून ठेवणारी पट्टी न कापता सोडायची असते, नाहीतर तो गळून पडतो," म्हणत त्यांनी नवा पुठ्ठा कापून दिला.

अण्णांनी जन्मभर विजेच्या खांबांवर साच्याने आकडे छापले. तेव्हा त्याकडे कुणी बघत नसे. आता साच्याच्या चित्रांचे लोक फोटो काढतात.

दुसरी चिमणी टक्क बघू लागली.

"काका, तुम्ही आर्टिस्ट का?"

"छे गं! खांब रंगवायचो."

त्याच कामावर त्यांनी मला पदवीपर्यंत शिकवलं. कॉलेजच्या फॉर्मवर मी मात्र वडिलांचा व्यवसाय 'मजुरी' लिहायचो.

"आहेत," मी त्या मुलीला म्हणालो.