घंटा झाली, मी बसून राहिलो

खरं सांगून टाकतो. मला ध्यान कधी लागलं नाही. डोळे मिटले की किनवटच्या स्टँडवरची गर्दी दिसायची, नाही तर दुपारी खाल्लेली भाकरी घशाशी यायची. तरीही सात-आठ महिने नांदेडच्या आमच्या कॉलनीतल्या योग स्टुडिओत लोक माझ्या पाया पडत होते. हे कसं झालं आणि देवानं मला त्यातून कसं सोडवलं, ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. लिहिताना लाज वाटते. पण जिथं लाज जायची तिथं ती भर सभेत गेली आहे, आता कागदाला कशाला भ्यायचं?

मी तीस वर्षं एसटीच्या लाल डब्यावर कंडक्टर होतो. नांदेडहून इस्लापूरमार्गे किनवट, या लाईनवर निम्मी नोकरी गेली. कंडक्टरचं सगळं घंटीवर चालतं. दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. त्या गाडीच्या खडखडाटात माझा डावा कान पार गेला आणि उजवा अर्धामुर्धा राहिला. रिटायर झालो तरी कुणाला कळू दिलं नाही. स्वभाव माझा तापट, त्यात ताठा लई. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा मेलेलं बरं, असं वाटायचं. म्हणून एक सवय लावून घेतली: जे ऐकू आलं नाही त्याला मान डोलवायची. लोकांना डोलवलेली मान आवडते, कुणी जास्त चौकशी करत नाही. आणि कुणी केलीच, तर मी त्याच्यावर खेकसायचो.

बीपी वाढलं म्हणून डॉक्टरनं मला योगाला पाठवलं. एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर तो स्टुडिओ आहे. चालवणाऱ्या मॅडम तिशीतल्या, म्हाताऱ्यांना लेकरासारखं सांभाळणाऱ्या. दर गुरुवारी संध्याकाळी तिथं सामूहिक ध्यान असतं. थोडी आसनं, तीनदा ओंकार, मग वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं. शेवटी मॅडम पितळेची छोटी घंटा वाजवतात, सगळे डोळे उघडतात आणि शिऱ्याचा प्रसाद होतो. पहिल्याच गुरुवारी घंटा झाली आणि मी बसूनच राहिलो. संपल्यावर कुणीतरी हलवेल, या भरवशावर होतो. कुणीच हलवेना. पायाला मुंग्या येऊन पाय मेल्यासारखे झाले तेव्हा एक डोळा किलकिला केला, तर समोर वीस-पंचवीस माणसं हात जोडून बसलेली, आणि मॅडम तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करून राहिल्या होत्या. शिरा गार झाला होता. माझी समाधी लागली असं समजून कुणी घास घेतला नव्हता.

तेव्हाच सांगून टाकायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. पुढच्या गुरुवारी मला पहिल्या ओळीत घडी केलेलं घोंगडं मिळालं. पुढं परीक्षांच्या दिवसांत एक बाई लेकराच्या ‘नीट’ परीक्षेचं हॉलतिकीट घेऊन आली, माझ्या हाताला लावलं आणि काहीतरी पुटपुटली. मी मान डोलवली. आता तर डोळे लवकर उघडायचीही चोरी झाली. गुडघे ठणकायचे, नाकावर माशी बसायची, पण समाधीतला माणूस माशी कशी हाकलणार? तरी मी दर गुरुवारी जायचो, कारण घरी माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

घरी म्हणजे मी आणि माझी बायको सुमन, दोघंच. लेक लातूरकडं मुरुडला दिलेली. सुमन पहिल्यापासून हळू बोलणारी. उन्हाळ्यात कधीतरी तिनं बोलणंच सोडलं. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आत जायची. मला वाटलं, फुगली असेल, येईल ताळ्यावर. दोन महिने झाले, तरी आली नाही. मग एका दुपारी लेकीचा मोबाईलवर मेसेज आला, "बाबा, गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी आई इकडं येतेय. कायमची म्हणते. तुमचं काय झालं?" मी तो मेसेज कितीदा वाचला असेल. आत जाऊन विचारावं असं शंभरदा वाटलं. पण विचारलं असतं तर तिनं तिच्या हळू आवाजात काहीतरी सांगितलं असतं, आणि मला ते ऐकू आलं नसतं. म्हणून मी विचारलंच नाही. अडतीस वर्षांचा संसार दाराबाहेर निघाला होता आणि मी बहाद्दर नाकाची काळजी करत होतो.

गुरुपौर्णिमा त्या वर्षी नेमकी गुरुवारी आली. मॅडमनी मेसेज करून कळवलं, की त्या दिवशी काकांनी आपला ध्यानाचा अनुभव सगळ्यांना सांगायचा. वर त्या घरी येऊन सुमनलाही आमंत्रण देऊन गेल्या. मी मोबाईलमधून कुंडलिनीबद्दल चार ओळी चिठ्ठीवर उतरवून घेतल्या. सकाळी देव्हाऱ्यासमोर बसलो तेव्हा मागं दाराजवळ सुमनची बॅग भरून ठेवलेली दिसत होती. हात जोडले आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही. एवढंच म्हणालो, देवा, मला काही सुचेना. यातून कसं काढायचं ते आता तूच बघ.

संध्याकाळी हॉल भरलेला. सुमन शेवटी भिंतीला टेकून बसली. माझ्या उजव्या हाताला एक म्हातारा येऊन बसला, त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. धोतर, टोपी, आणि डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा. ओंकार झाला, आम्ही डोळे मिटले. मी नेहमीसारखा मनातल्या मनात आकडे मोजत बसलो. आणि अचानक माझ्या गुडघ्यावर एक थाप पडली. एकच. मी दचकून डोळे उघडले, तर सगळेच डोळे उघडत होते. घंटा नुकतीच झाली होती. म्हातारा माझ्या उजव्या कानाला तोंड लावून म्हणाला, "तुमाला ऐकू येत न्हाई, हाव ना? मला दिसत न्हाई. त्यात चोरून ठेवण्यासारखं काय हाय?"

त्याला कसं कळलं, विचारायला वेळच मिळाला नाही, कारण मॅडमनी माईक माझ्या हातात दिला. उभा राहिलो. चिठ्ठी उघडली, अक्षरं दिसेनात. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते आणि लांब भिंतीपाशी सुमन मान खाली घालून बसली होती. तेवढ्यात खाली बसलेल्या म्हाताऱ्यानं माझ्या पोटरीवर हात मारला. दोनदा. तीस वर्षं ज्यानं दोन घंट्या देऊन गाडी सोडली, त्याच्या अंगात ती खूण मुरलेली असते. माझं तोंड आपोआप उघडलं. "मला ध्यान लागत नाही," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही. तुमची घंटा मी आजवर एकदाही ऐकलेली नाही. तुम्ही मला उगाच मोठं केलं आणि मी गुमान होऊ दिलं. मला माफ करा."

हॉल शांत झाला की गोंधळ उडाला, ते मला विचारू नका. हॉलतिकीटवाली बाई तावातावानं काही बोलताना दिसली, आणि तिचा राग वाजवीच होता. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या हसतही होत्या. आणि मागून सुमन उठली. रांगांमधून वाट काढत पुढं आली, माझ्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली.

"उन्हाळ्यात मी तुम्हाला विचारलं होतं. म्हटलं, माझी तुम्हाला अडचण व्हायलीय का, जाऊ का मी मुरुडला कायमची? तुम्ही मान हलवली!"

"मला ऐकूच आलं नाही गं."

"मग मान कशाला हलवली?"

"उगीच. सवय."

ती पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. "अरे देवा! म्हणजे दोन महिने मी रडले ते फुकटच?" तिला हसू येत होतं की रडू, मला कळेना. मी मात्र रडत होतो, चारचौघांत, माईक हातात घेऊन.

सावरल्यावर शेजारी पाहिलं तर म्हातारा नव्हता. मॅडमना विचारलं; त्यांना वाटलं होतं, माझाच पाहुणा. त्याला कुणी ओळखलं नाही, पुन्हा तो कुणाला दिसला नाही. इस्लापूरकडचा असेल, माझ्या गाडीतून कधी गेला असेल, म्हणून ती खूण ठाऊक असेल. किंवा कुणीही धीर द्यायला देईल तशा सहज दोन थापा दिल्या असतील. मी खोलात गेलो नाही. एवढं मात्र कळलं, की ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसतं. दोन घंट्या झाल्या की तो गाडी काढतो. जन्मभर मी घंटी देत आलो. ती मानून निघायचं कसं असतं, ते मला त्या दिवशी समजलं. ज्यानं समजावलं त्याला, तो कुणीही असो, माझा रोजचा नमस्कार असतो.

त्या रात्री सुमननं बॅग रिकामी केली. आता माझ्या कानात मशीन आहे आणि गुरुवारी आम्ही दोघं शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून बसतो. मला अजूनही ध्यान लागत नाही. तिला लागतं. घंटा होते, मला ती स्वच्छ ऐकू येते, सगळे उठू लागतात आणि सुमन तशीच बसून असते. मग मी तिच्या गुडघ्यावर हळूच थाप मारतो. एकच.