आत्यावर गेलेली पोर

माझी मुलगी जन्मली आमच्या आंबेगावच्या डोंगरातल्या घरी, नव्वद सालच्या आसपास. पाचवीच्या पूजेला सासूबाईंनी तिला मांडीवर घेतली, तिच्या कानामागचा काळा डाग बघितला आणि मोठ्याने रडायला लागल्या. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी नणंद, त्याच्या आदल्या वर्षी तापाने गेली होती. तिच्याही कानामागे तसाच डाग होता. आमच्याकडे असा डाग दिसला की गेलेलं माणूस परत आलं म्हणतात. जमलेल्या बायकाही तेच म्हणाल्या. मला बरंच वाटलं. पहिली मुलगी झाली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही.

पण नणंद डोक्याने अधू होती. मोठी बाई झाली तरी तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती.

सासूबाईंनी नातीला लेकीसारखंच वाढवलं. शाळेत जायच्या वयाची झाली तरी हाताने भरवायच्या. तिने पाण्याचा तांब्या उचलला की म्हणायच्या, "ठेव गं बाय, सांडशील." पाटीवर अक्षर चुकलं की पाटी काढून घ्यायच्या. "ऱ्हाऊ दे. माझ्या लेकीला तरी कुटं जमलं व्हतं?"

मी एकदा म्हटलं, तुमच्या लेकीच्या वेळी तुम्ही अडला होतात, पोर निळी निघाली असं तुम्हीच सांगता. तिचं डोकं तेव्हाच गेलं असेल. त्याचा माझ्या पोरीशी काय संबंध? नवरा म्हणाला, "रक्तातच हाय ते. तू लई शानी नको होऊ." सासूबाई बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मुलीच्या पाठचा मुलगा. त्याचं अक्षर चुकलं की त्याच सासूबाई धपाटा घालून पुन्हा लिहायला बसवायच्या. एकच पोट, एकच ताट. पोरीला तसा धपाटा कधी बसला नाही याचं मला दुःख आहे, असं सांगितलं तर लोक हसतात.

तिसरीत तिची शाळा सुटली. शेळ्यांमागे जायची, हंगामात हिरडा गोळा करायची. कुणी शाळेचं विचारलं तर तीच सांगायची, "मी आत्यावर गेलीय ना."

पुढे सासूबाई वारल्या. त्यानंतर गावात बायकांना लिहायला शिकवायचा वर्ग निघाला, दुपारी, देवळात. मुलगी तेव्हा सोळा-सतराची. मी तिला ओढतच नेली. शिकवणारी बाई खालच्या गावातून यायची. पावसाळा सरेपर्यंत पोर एसटीवरची पाटी वाचायला लागली. "नारायणगाव" वाचून तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू काहीतरी चोरताना सापडली.

बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "मावशी, ही तर सगळ्यांत पुढं आहे. इतकी वर्षं घरात का बसवली?"

दुसऱ्या दिवशी वर्गाची वेळ झाली तरी ती अंगणात हिरडा वाळत घालत बसली होती.

"का गं, यायचं नाय?"

"बाईंचं काय तरी चुकलं असंल."

"पाटी माझ्यासमोर वाचलीस की तू."

"आये, मला येत नाय तेच बरं हाय."

"येडी झालीस का?"

तिचे हात थांबले. "मला येत व्हतं, तर मग एवढी वर्सं कशापायी गेली? आजीनं माझा लाड केला का वाटोळं केलं? मला एक आजीच व्हती गं, आये. तू तर शेतात असायचीस."

मी तिच्याशेजारी बसून हिरडा पसरायला लागले. रक्तातून काय येतं आणि घरातून काय येतं ते मला आजही कळत नाही, चौथी शिकलेली बाई मी.

आठवड्याने बाई घरी विचारायला आली. मुलगी दाराआड उभी होती. मी सांगितलं, ती आता यायची नाही.

"मावशी, अहो हुशार पोर आहे. तेव्हाच शिकली असती तर..."

"हळू बोला," मी म्हटलं.